वंची चौकातल्या पाच सिस्टर

८ सप्टेंबर हा मरियामातेच्या जन्माचा सण. वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा याच सणाला धरून भरते आणि कोळीवाड्यांतली, वसईतली माणसं तिच्यापुढे मेणबत्त्या लावायला रांगा लावतात. २०१८ साली हा सण शनिवारी आला. त्या शनिवारी कोचीत, केरळ उच्च न्यायालयाजवळच्या वंची चौकात, पाच धर्मभगिनी येऊन बसल्या. अनुपमा, जोसेफिन, आल्फी, अंसिता आणि नीना रोझ. अंगावर संघाचा झगा, डोक्यावर शिरोवस्त्र, हातात फलक. मागणी एवढीच होती: आमच्या एका भगिनीनं जालंधरच्या बिशपांवर बलात्काराची फिर्याद दिली आहे, तिला दोन महिने उलटून गेले, त्यांना अटक करा.

भारतातल्या कॅथोलिक चर्चच्या इतिहासात असा प्रसंग आठवत नाही. धर्मगुरूंची भांडणं झाली, विधी कोणत्या पद्धतीनं करायचा यावरून भाविक रस्त्यावर आले, मालमत्तेवरून न्यायालयं गाठली गेली. पण व्रत घेतलेल्या बाईनं मठाचा उंबरा ओलांडून, भर चौकात, स्वतःच्या बिशपविरुद्ध बसावं, हे नवीन होतं. त्या आठवड्यात केरळच्या वर्तमानपत्रांत दुसरा विषय नव्हता.

आमच्या वडवणी-बीडकडच्या वाचकाला सिस्टर माहीत असते ती मिशनच्या दवाखान्यातली नाही तर इंग्रजी शाळेतली. बहुतेकदा केरळची. मोडकं मराठी बोलणारी, शिस्तीची, पहाटे उठणारी. तिच्याबद्दल आपल्या मनात आदर असतो आणि तो योग्यच आहे. पण तिचा पगार कुणाच्या हातात पडतो, ती राहते ते घर कुणाच्या नावावर आहे, तिच्यावर कुणी हात टाकला तर तिनं कुणाला सांगायचं, हे प्रश्न आपण कधी विचारलेले नसतात. वंची चौकात त्या पाच जणी का बसल्या हे समजून घ्यायचं तर याच प्रश्नांपासून सुरुवात करावी लागते.

कॅथोलिक नन तीन व्रतं घेते: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पैकी ब्रह्मचर्याची चर्चा फार होते. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली बाकीच्या दोघांत आहे. दारिद्र्याच्या व्रतामुळे तिची कमाई संघाची होते. ती अनुदानित शाळेत शिक्षिका असेल, सरकारी तिजोरीतून तिचा पगार निघत असेल, तरी तो संघाकडे जमा होतो आणि तिला गरजेपुरतं मिळतं. हा पगार तिचा नाहीच, चर्चच्या कायद्यानुसार व्रत घेतल्यावर तिचा नागरी मृत्यू होतो, असा युक्तिवाद करून संघांनी आयकर कपातीतून सूट मागितली होती. ब्रिटिश काळापासून ती सूट मिळतही होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा युक्तिवाद फेटाळला आणि पगारावर कर कापला जाईल असं ठरवलं. प्रकरण कराचं होतं, पण त्यातला तो शब्द काळजात रुतून बसतो. रोज सकाळी वर्गावर जाऊन गणित शिकवणारी बाई कागदोपत्री मृत! मृत माणसानं तक्रार करायची ती कशी?

आज्ञापालनाचं व्रत याहून कठीण. वरिष्ठांचा हुकूम हीच देवाची इच्छा, असं तिला वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षापासून शिकवलेलं असतं. वरिष्ठांची उतरंडही सरळ नसते. काही संघ थेट रोमच्या अखत्यारीत येतात. काही एका धर्मप्रांताचे असतात आणि त्यांच्यावर त्या धर्मप्रांताच्या बिशपांची देखरेख असते. या पाच जणींचा संघ, मिशनरीज ऑफ जीझस, दुसऱ्या प्रकारातला. १९९३ साली जालंधरच्या तेव्हाच्या बिशपांनी तो स्थापन केला. मठ केरळात असला तरी दोरी पंजाबात. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्यांच्याच छायेतल्या संघात राहून ते मांडायचं होतं.

फिर्याद देणारी भगिनी या संघाची माजी मदर जनरल, म्हणजे सर्वोच्च पदावर राहून आलेली बाई होती. तिचं नाव कायद्यानं आणि सभ्यतेनं इथे येणार नाही. तिचं म्हणणं असं की कोट्टायम जिल्ह्यातल्या कुरविलंगाडच्या मठात २०१४ ते २०१६ या काळात बिशप फ्रँको मुलक्कल यांनी तिच्यावर तेरा वेळा अत्याचार केला. बिशपांनी आरोप पहिल्यापासून नाकारला. तिच्याविरुद्ध आलेल्या एका तक्रारीवर आपण कारवाई केली म्हणून ती सूड घेते आहे, असं त्यांनी सांगितलं.

मग इतकी वर्षं ती गप्प का बसली, असा प्रश्न प्रत्येक टीव्ही चर्चेत विचारला गेला. ती गप्प नव्हती. ती पत्रं लिहीत होती. २०१७ साली तिनं सिरो-मलबार चर्चचे प्रमुख कार्डिनल जॉर्ज आलंचेरी यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं. त्यात लैंगिक अत्याचाराचा उल्लेख नव्हता, असं कार्डिनलांनी नंतर सांगितलं. जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीतल्या पोपच्या राजदूतांना पत्र गेलं. पुढे थेट रोमला पत्रं गेली. उत्तर आलं नाही. जूनच्या अखेरीस तिनं पोलिसांत फिर्याद दिली. पोलीस ठाणं ही तिची पहिली पायरी नव्हती, शेवटची होती. चर्चमधली सगळी दारं ठोठावून झाल्यावर ती राज्यघटनेच्या दारात आली.

आणि तिच्याआधीही अशाच बाया या दारापर्यंत आल्या होत्या.

२७ मार्च १९९२ ला कोट्टायमच्या पायस टेन्थ कॉन्व्हेंटच्या विहिरीत सिस्टर अभया या तरुण ननचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आणि गुन्हे शाखेनं आत्महत्या म्हणून फाइल बंद करायचा घाट घातला. तेव्हा तिच्याच संघाच्या मदर सुपीरियरनं आणि साठाहून अधिक धर्मभगिनींनी सह्या करून मुख्यमंत्री के. करुणाकरन यांच्याकडे अर्ज दिला: तपास नीट होत नाही, दुसऱ्या यंत्रणेकडे द्या. हा अर्ज आज फारसा कुणाच्या लक्षात नाही. मला तो वंची चौकाचा पूर्वज वाटतो. सीबीआयनं १९९३ मध्ये तपास हाती घेतला. हा खून आहे म्हणणाऱ्या सीबीआयच्या एका अधिकाऱ्यानं वरून दबाव आल्याचं सांगत नोकरीच सोडली. डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, तिरुवनंतपुरमच्या विशेष न्यायालयानं फादर थॉमस कोट्टूर आणि सिस्टर सेफी यांना जन्मठेप सुनावली. साक्ष निर्णायक ठरली ती त्या रात्री मठात चोरी करायला शिरलेल्या राजू नावाच्या माणसाची. त्याच्यावर आमिषं आणि मारहाण दोन्हींचा प्रयोग झाला होता, तरी तो शब्दाला जागला. जून २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून दोघांना जामीन दिला.

मग आली सिस्टर जेस्मी. त्रिशूरची. इंग्रजीची डॉक्टरेट केलेली, सेंट मेरीज कॉलेजची प्राचार्य. कार्मेलाइट संघातली तेहतीस वर्षं मागे टाकून ऑगस्ट २००८ च्या अखेरीस ती बाहेर पडली आणि २००९ साली तिचं ‘आमेन’ हे आत्मचरित्र मल्याळममध्ये आलं, पाठोपाठ इंग्रजीत. त्या पुस्तकातल्या लैंगिक प्रसंगांवर इतका गदारोळ झाला की तिचा मूळ वाद बाजूला पडला. तो वाद पैशाचा होता. संघाच्या कॉलेजात प्रवेशासाठी देणग्या घेतल्या जातात. गरिबाघरची हुशार मुलगी बाहेर राहते आणि पैसेवाल्याची आत येते. सेवा म्हणून सुरू केलेल्या शाळा-कॉलेजांचा धंदा होतो आहे, असं ती प्राचार्याच्या खुर्चीत बसून म्हणत होती. मठातसुद्धा श्रीमंताघरून आलेली शिकलेली नन आणि स्वयंपाकघरात राबणारी नन यांच्यात भेद केला जातो, हेही तिनं लिहिलं. यावर मिळालेलं उत्तर असं, की हिच्या मनाचा तोल गेला आहे, मानसोपचार करा. तिनं मठ सोडला तो या उपचारांच्या धास्तीनं.

डोनेशनची ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे शिक्षणसम्राट हा शब्दच तयार झाला. देवाच्या नावावरची मालमत्ता खाणारेही आपल्याला नवे नाहीत. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या देवस्थान आणि वक्फच्या इनामी जमिनींच्या व्यवहारांवरून गुन्हे नोंदले गेले आहेत. केरळात २०१७ च्या शेवटी एर्नाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांताच्या जमीनविक्रीचा घोळ चव्हाट्यावर आला. मोक्याच्या जागा कमी पैशांत गेल्या, असं खुद्द तिथल्या धर्मगुरूंनीच जाहीरपणे सांगितलं, आणि ज्यांच्यावर रोख होता ते कार्डिनल आलंचेरीच होते. आरोप त्यांनी मानले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये ते पदावरून उतरले. धर्म कोणताही असो, जिथे हिशेब विचारणं पाप ठरतं तिथे पैसा आणि शरीर दोन्हींवरचे अन्याय एकाच अंधारात होतात. जेस्मीनं दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात लिहिल्या ते म्हणूनच.

आणि हे केरळपुरतं नव्हतं. मौरा ओडोनोहू या डॉक्टर ननने १९९४ मध्ये रोमला एक अहवाल दिला होता. एड्सच्या कामासाठी ती देशोदेशी फिरत होती. धर्मगुरूंकडून धर्मभगिनींच्या होणाऱ्या शोषणाच्या तेवीस देशांतल्या घटना तिच्यापर्यंत आल्या होत्या. अहवाल व्हॅटिकनमध्ये पोचला आणि तिथेच राहिला. २००१ साली एका अमेरिकन कॅथोलिक साप्ताहिकानं छापला तेव्हा जगाला कळलं. त्याहीआधी, १८७१ मध्ये, ऑस्ट्रेलियात मेरी मॅकिलॉप या ननला अॅडलेडच्या बिशपांनी बहिष्कृत केलं. तिच्या संघातल्या भगिनींनी एका फादरकडून मुलांवर होणारे अत्याचार वरिष्ठांच्या कानावर घातले होते. त्या फादरच्या मित्रानं बिशपांचे कान भरले आणि ठपका बसला मॅकिलॉपवर. पुढच्या वर्षी बहिष्कार मागे घेतला गेला. २०१० मध्ये पोपनी तिला संत घोषित केलं. ज्या चर्चनं तिला वेदीपासून दूर केलं त्याच चर्चच्या वेदीवर आज तिची प्रतिमा आहे.

मराठी माणसाला यात पंडिता रमाबाई आठवल्याशिवाय राहणार नाही. रमाबाई नन नव्हत्या, कॅथोलिकही नव्हत्या. पण इंग्लंडमधल्या वाँटेजला त्या राहिल्या ते अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात, आणि २९ सप्टेंबर १८८३ ला तिथेच त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नंतरची दोन-तीन वर्षं तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. रमाबाईंनी पुरुषांना शिकवू नये, असं मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी तिकडे कळवलं, तेव्हा त्यांनी विचारलं की हा अधिकार बिशपांना दिला कुणी. आपल्या देशातल्या भटभिक्षुकांचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, त्याच जातीचं दुसरं जोखड आता मी घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी १८८५ मध्ये लिहून कळवलं. जेराल्डिनबाई दुखावल्या, त्यांना हा अहंकार वाटला. पण रमाबाईंनी आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं नव्हतं. त्या उठून निघू शकत होत्या. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. कुरविलंगाडच्या भगिनींना उठून जायला जागा नव्हती. फरक हा एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

आता परत चौकात.

पहिले दोन दिवस सरकारनं आणि चर्चनं वाट पाहिली की या उठून जातील. त्या उठल्या नाहीत. फादर ऑगस्टीन वट्टोली यांच्यासारखे मोजके धर्मगुरू त्यांच्या बाजूला येऊन बसले. ‘सेव्ह अवर सिस्टर्स’ या नावानं एक समिती उभी राहिली. लेखक आले, विद्यार्थी आले, मुस्लिम बायका आल्या, इतर संघांतल्या चार-दोन ननही धीर करून आल्या. फिर्यादीनं याच दिवसांत पोपच्या राजदूतांना पुन्हा एक लांबलचक पत्र लिहिलं: चर्च आम्हा बायकांना सावत्र मुलांसारखं का वागवतं? दुसऱ्या बाजूनं पी. सी. जॉर्ज या आमदारानं तिच्याविषयी असे उद्गार काढले की राष्ट्रीय महिला आयोगाला त्याला बोलावणं धाडावं लागलं. तिच्या स्वतःच्या संघानं पत्रक काढलं आणि त्यासोबत तिचा फोटो प्रसिद्ध केला. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. पोलिसांनी त्याबद्दल संघावर गुन्हा नोंदवला. आपल्या माजी मदर जनरलशी संघ असा वागला, हे या सगळ्या हकिगतीतलं मला सर्वांत बोचणारं पान वाटतं. बिशपांनी आरोप नाकारला, तो त्यांचा हक्क होता. पण जिच्या हाताखाली या भगिनी वाढल्या तिचा चेहरा चव्हाट्यावर टाकायची घाई संघाला का झाली?

मुंबईचा संबंध इथे येतो. भारतीय बिशप परिषदेचे अध्यक्ष तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस होते. २० सप्टेंबरला पोप फ्रान्सिस यांनी फ्रँको मुलक्कल यांना कारभारातून तात्पुरतं मोकळं केलं आणि जालंधरचा कारभार मुंबईचे निवृत्त सहायक बिशप अॅग्नेलो ग्रेशियस यांच्याकडे सोपवला. तीन दिवसांच्या चौकशीनंतर २१ सप्टेंबरच्या रात्री केरळ पोलिसांनी बिशपांना अटक केली. बलात्काराच्या आरोपाखाली अटक झालेले ते भारतातले पहिले कॅथोलिक बिशप. २२ तारखेला पाच जणींनी धरणं उठवलं आणि त्या मठात परतल्या.

मठात परतल्या, हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण त्यांना जायचं होतं ते त्याच घरात, जिथलं अन्न, छप्पर, औषधपाणी सगळं संघाच्या हातात होतं, आणि संघ बिशपांच्या बाजूला. मध्ये ऑक्टोबरात उच्च न्यायालयानं बिशपांना जामीन दिला. जालंधरला त्यांच्यावर फुलं उधळली गेली. २२ ऑक्टोबरला पंजाबात दसूया इथे फादर कुरियाकोस कट्टुथरा आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले. त्यांनी बिशपांविरुद्ध जबाब दिला होता. घातपात सिद्ध झाला नाही. पण कुरविलंगाडच्या मठात त्या रात्री कुणाला झोप लागली असेल? जानेवारी २०१९ मध्ये चौघींच्या हातात बदलीचे हुकूम पडले: एक पंजाब, एक बिहार, एक झारखंड, एक कण्णूर. साक्षीदार चार दिशांना. आज्ञापालनाचं व्रत इथे कसं हत्यार होतं ते पाहा. बदली ही संघात रोजचीच गोष्ट, ती नाकारली तर व्रतभंग, आणि व्रतभंग म्हणजे हकालपट्टीला कारण. त्यांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलं, लोकांसमोर ठेवलं. शेवटी अॅग्नेलो ग्रेशियस यांनी खटल्यासाठी गरज आहे तोवर यांना कुरविलंगाडहून हलवू नये, असं पत्र दिलं. मुंबईच्या या वृद्ध बिशपांनी ते पत्र लिहिलं याची नोंद ठेवायला हवी.

सर्वांत जबर किंमत मोजली ती मात्र या पाचांपैकी नसलेल्या एका ननने. वायनाडच्या सिस्टर लुसी कलप्पुरा, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या. २० सप्टेंबर २०१८ ला त्या वंची चौकात जाऊन बसल्या. परतल्या तर धर्मग्रामातलं त्यांचं शिकवणं, मिस्साविधीतलं त्यांचं काम बंद केलेलं. गावचे भाविक चिडले, चर्चमध्ये जाब विचारला, आणि ती बंदी मागे घ्यावी लागली. हा प्रसंग छोटा आहे, पण मला फार मोलाचा वाटतो, कारण इथे सामान्य भाविकांनी तोंड उघडलं. पण संघानं सोडलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये नोटीस आली. गुन्ह्यांची यादी अशी: परवानगीशिवाय वाहन चालवायला शिकल्या, गाडी घेतली, कवितांचं पुस्तक छापलं, टीव्हीवर बोलल्या, पगार संघाकडे भरला नाही. ऑगस्टमध्ये संघातून काढल्याचं पत्र आलं. रोमकडे केलेली अपिलं एकापाठोपाठ एक फेटाळली गेली. त्या म्हणाल्या, मी मठ सोडणार नाही, आयुष्य इथे घातलं आहे. एकदा त्या सकाळी चर्चला निघाल्या तर दाराला बाहेरून कुलूप. पोलिसांना बोलवावं लागलं. कविता छापणं आणि गाडी चालवणं हे हकालपट्टीचं कारण असू शकतं, हे वाचून आजची कॉलेजातली मुलगी चकित होईल. खरं कारण यादीत नव्हतं.

रोममध्येही काही हललं. ५ फेब्रुवारी २०१९ ला अबुधाबीहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलताना पोप फ्रान्सिस यांनी मान्य केलं की धर्मगुरूंनी आणि बिशपांनीही धर्मभगिनींवर अत्याचार केले आहेत. एवढं सरळ कबूल करणारे ते पहिले पोप. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी जगभरच्या चर्चसाठी नवा आदेश काढला: अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येक धर्मगुरूनं आणि व्रतधारी भगिनीनं ती वर कळवलीच पाहिजे, बिशपांविरुद्धच्या तक्रारीलाही हे लागू, कळवणाऱ्यावर सूड उगवता येणार नाही, आणि जून २०२० पर्यंत प्रत्येक धर्मप्रांतानं लोकांना सहज पोचता येईल अशी तक्रारीची कायमची सोय उभी करायची. ज्या गोष्टीसाठी लुसीबाईंना घराबाहेर काढलं जात होतं, ती गोष्ट त्याच साली कागदावर कर्तव्य ठरली.

एप्रिल २०१९ मध्ये आरोपपत्र दाखल झालं. दोषमुक्तीसाठी बिशप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथे अर्ज फेटाळला गेला. २०२० मध्ये बंद दाराआड खटला सुरू झाला. एकोणचाळीस साक्षीदार तपासले गेले, त्यांत धर्मगुरू होते, भगिनी होत्या. आणि १४ जानेवारी २०२२ ला कोट्टायमचे अतिरिक्त सत्र न्यायाधीश जी. गोपकुमार यांनी बिशपांना सर्व आरोपांतून निर्दोष सोडलं.

निकालपत्र २८९ पानांचं आहे. फिर्यादीनं वेगवेगळ्या वेळी, डॉक्टरला, सोबतच्या भगिनींना, पोलिसांना जे सांगितलं त्यात विसंगती आहे. घटनेनंतरही ती बिशपांसोबत कार्यक्रमांना गेली. संघात सत्तेचे गट होते. सत्य आणि असत्य इतकं मिसळलं आहे की निवडून वेगळं काढता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्यानं फ्रँको मुलक्कल आज निर्दोष आहेत, आणि हे प्रत्येक लिहिणाऱ्यानं स्पष्ट लिहिलं पाहिजे. राज्य सरकार आणि फिर्यादी दोघांनी उच्च न्यायालयात अपील केलं. जून २०२३ मध्ये त्यांचा राजीनामा रोमनं स्वीकारला आणि ही शिस्तीची कारवाई नाही, धर्मप्रांताला नव्या बिशपांची गरज आहे म्हणून, असा खुलासा केला.

निकालातल्या एका मुद्द्यावर मात्र मी बोलणार. पहिल्यांदाच सगळं का सांगितलं नाही, नंतर त्यांच्यासोबत का वावरली, हे प्रश्न कुणालाही सुचतील. पण ज्या बाईचं घर, अन्न, पद आणि परलोक हे सगळं एकाच माणसाच्या मर्जीवर आहे तिचं वागणं मोकळ्या माणसाच्या मापानं मोजता येत नाही. ती आधी बदलीचं गाऱ्हाणं सांगेल, मग छळाचं, आणि सर्वांत शेवटी शरीराचं. आपल्या गावात सासरी नांदणाऱ्या मुलीनं माहेरी सांगितलेली पहिली तक्रार कधी खरी पूर्ण असते का?

त्या पाच जणींनी काय मिळवलं, असं कुणी विचारलं तर निकाल दाखवून त्यांना हरलेलं ठरवता येईल. मी तसं मानत नाही. १९९२ च्या साठाहून अधिक भगिनींनी सरकारकडे अर्ज केला तो बंद लिफाफ्यात. जेस्मी बोलली ती बाहेर पडल्यावर. या पाच जणी झगा न उतरवता, व्रत न मोडता, श्रद्धा न सोडता बोलल्या. चर्चच्या शत्रू म्हणून त्यांना बाजूला सारता आलं नाही, कारण त्या रोज सकाळ-संध्याकाळ त्याच प्रार्थना म्हणत होत्या. त्यांच्यानंतर विषय बंद खोलीत राहिला नाही. पुण्याच्या स्त्रीवाणी या संस्थेनं २०२१ साली धर्मभगिनींच्या स्थितीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला, तोही धर्मभगिनींनीच केलेला. फादर एंगलबर्ट झायटलर यांनी १९८२ मध्ये काढलेल्या या संस्थेत ननच वकील आहेत आणि ननना कायदा समजावून सांगतात. धर्मगुरूंनी केलेल्या छळापासून बिशपांच्या घरी फुकट राबवून घेण्यापर्यंत सगळं त्या अभ्यासात भगिनींनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे. हे काम मराठी मुलखात झालं याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

भारतात एक लाखाच्या आसपास धर्मभगिनी आहेत. महाराष्ट्रातल्या कुष्ठरुग्णांना, टाकलेल्या म्हाताऱ्यांना, आदिवासी पाड्यांतल्या मुलींना त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं अशी कितीतरी गावं आहेत. त्यांचं देणं आपल्यावर आहे. पोपनी तक्रारीची जी सोय २०२० पर्यंत करायला सांगितली, ती मुंबई, वसई, पुणे, नाशिक, औरंगाबाद अशा प्रत्येक धर्मप्रांतात कागदावर असून भागणार नाही. तिथे बसणारी माणसं बिशपांच्या हाताखालची नसावीत. त्यांत कायदा जाणणाऱ्या बायका असाव्यात, संसारी कॅथोलिक असावेत. आणि तक्रार करणाऱ्या भगिनीला खटला संपेपर्यंत राहायला मठाबाहेरचं घर आणि स्वतःच्या नावावर खर्चाचे पैसे मिळावेत. हा लेख वाचणारे कॅथोलिक बंधू-भगिनी असतील त्यांना माझी विनंती आहे. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या चर्चच्या फलकावर तक्रार समितीची नावं आणि फोन नंबर लावले आहेत का ते बघा. लावलेले नसतील तर फादरना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत दर रविवारी विचारत राहा.